चौघींचे हात

सिल्वासाजवळच्या मसाटला तागाच्या कारखान्यात तोंडाचा काही उपयोग नसायचा. साचे, म्हणजे सूत कातायची मशीनं, सुरू असली की शेजारणीला हाक मारली तरी तिला फक्त ओठ हललेले दिसायचे. म्हणून तिथला सगळा कारभार हातांचा. अंगठा ओठांकडे नेला की पाणी, दोन बोटं खांद्यावर ठेवली की सुपरवायझर येतोय, आणि हात सरळ वर केला की माझं झालं, साचा सुरू करा. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच होती. घरी गेल्यावर मी दिवसभराचं साठलेलं सगळं एका दमात बोलून घ्यायची. नवरा म्हणायचा, तुझ्यापेक्षा साचा बरा, तो निदान मधून मधून थांबतो.

ते खरंच होतं. साचा थांबायचा आणि तो थांबला की आमचं काम सुरू व्हायचं. सूत कातायच्या साच्यावर ओळीनं बॉबिनी फिरत असतात आणि त्यांच्यावर तागाचं सूत गुंडाळलं जातं. त्या भरल्या की साचा बंद करून भरलेल्या काढायच्या, पायाशी ठेवलेल्या टोपलीत टाकायच्या, दुसऱ्या टोपलीतून रिकाम्या उचलून बसवायच्या, सुताचं टोक त्यांना गुंडाळायचं आणि हात वर करायचा. ह्याला डॉफ म्हणतात. एका साच्याला आम्ही चौघी होतो. चौघींचे हात वर झाल्याशिवाय साचा सुरू होत नसे, आणि तो उभा असेपर्यंत सूत निघत नसे. आमचा सुपरवायझर वापीकडचा गुजराती. साचा थांबला की त्याचा जीव वरखाली व्हायचा. "चालो बेन, चालो, मशीन ऊभी छे," असं कानाशी ओरडत तो आमच्या पाठीमागे येरझाऱ्या घालायचा. मशीन उभी आहे हे आम्हाला दिसत नव्हतं असं त्याला वाटत असावं.

ओळीत पहिली नंदुरबारची एक मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं आणि मोडलंही होतं, आणि दोन्ही गोष्टींबद्दल ती सारख्याच आनंदानं बोलायची. मग मी. माझ्या पलीकडे मावशी. आणि शेवटी सुरंगीहून येणारी एक वारली बाई, जी आठवड्यातून एखादं वाक्य बोलायची आणि ते आम्ही पुढचा आठवडाभर एकमेकींना सांगायचो.

मावशी आमची सख्खी कोणाचीच नव्हती. ती अमळनेरकडची. तिचा नवरा तिकडे कापडगिरणीत होता, म्हणून ती मशीनला साचा म्हणायची आणि तिचं ऐकून आम्हीही म्हणायला लागलो. तो गेल्यावर ती भावाच्या मागोमाग सिल्वासाला आली, आणि भाऊ परत गेला तरी ती राहिली. मी लग्न होऊन शिरपूरकडून इथे आले तेव्हा तिनेच मला कारखान्यात चिकटवलं. इतर दोघींनाही तिनेच शिकवलं. शिकवताना तिच्या जिभेला हाड नसायचं. मी पहिल्या दिवशी सूत ओढून तोडलं तेव्हा म्हणाली, "सूत शे ते, सासूनी वेणी नही. हळू धर." नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिच्याइतक्या झपाट्यानं बॉबिनी बदलणारी बाई अख्ख्या खात्यात नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

मग तिची बोटं सुजायला लागली. पेरं जाड झाली, थंडीत तर मूठ मिटायची नाही. आधी ती माझ्याबरोबर हात वर करायची, मग माझ्यानंतर, मग बऱ्याच नंतर. आणि गंमत अशी की तिला ते कळत नव्हतं. डॉफ चालू असताना कोणी इकडेतिकडे बघत नाही, नजर आपल्या बॉबिनींवर असते. तिच्या मनात ती अजून पहिलीच होती.

आम्ही तिघींनी कधी बसून ठरवलं नाही. पण कोणती बॉबीन कोणाची अशी काही रेघ साच्यावर आखलेली नव्हती. तुझी जिथे संपली तिथून माझी, एवढंच. मी माझ्या संपवून तिच्याकडच्या दोनतीन उरकायला लागले. पलीकडून वारली बाई तेच करायला लागली. नंदुरबारवाली माझ्याकडच्या उचलायची म्हणजे मला पुढे सरकता येई. आणि सगळं झालं तरी आम्ही हात वर करत नसू. हात खाली धरून उभ्या राहायचो. मावशी तिचं शेवटचं टोक गुंडाळायची, हात वर करायची, की मग आमचे तीन हात. ती आमच्याकडे बघून हसायची. बघा, म्हातारीनं पुन्हा हरवलं, असं ते हसणं असायचं.

तिला काढून टाकतील ही भीती होतीच. हळू पडलेल्या बाईला आधी झाडू देतात आणि मग घरी बसवतात, हे आम्ही पाहिलं होतं. पण मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. हे तिला कळलं तर? ज्या बाईकडे तिच्या झपाट्याशिवाय आपलं म्हणावं असं काही नाही, तिला कोण सांगणार की बाई, तो झपाटा आता आमचा आहे. म्हणून अळीमिळी गुपचिळी. कधीकधी मला वाटतं आम्ही ते स्वतःसाठीही करत होतो. तिची बोटं गेली तर पुढे कोणाची जाणार हे आम्हाला माहीत होतं.

पण मावशीचं शेवटचं टोक होईपर्यंत तिघींनी हात खाली धरून थांबायचं म्हणजे साचा तोवर उभा राहणारच. हा साधा हिशेब आमच्या डोक्यात आला नाही. आमचा साचा सगळ्या खात्यात जास्त वेळ थांबतो हे वर ऑफिसात कळलं आणि एक इंजिनियर साहेब आला.

तो चिपळूणकडचा होता. माणूस वाईट नव्हता. आम्हाला अहो-जाहो करायचा आणि कोपऱ्यात उभा राहून सगळं नीट बघायचा. त्याला दिसलं की आम्ही प्रत्येक बॉबिनीसाठी दोनदा वाकतो, एकदा टाकायला आणि एकदा उचलायला. तो म्हणाला, वेळ इथे जातोय आणि तुमच्या कमराही इथेच जातायत. कमरेचं त्यानं म्हटलं तेव्हा मला तो आवडलाच होता, कारण माझी कंबर तोवर कामातून गेली होती. थोड्या दिवसांनी त्याने वर्कशॉपमधून एक लोखंडी सांगाडा करून आणला. त्याला चाकं होती. तो साच्याला चिकटवून उभा करायचा. वरच्या बाजूला खुंट्या, प्रत्येक बॉबिनीसमोर एक, त्यांवर रिकाम्या बॉबिनी आधीच लावून ठेवायच्या. खाली उतरता पत्रा, त्यावर भरलेली सोडली की आपोआप घरंगळत जाऊन पेटीत पडायची. वाकायचं नावच नाही. आम्ही त्याला घोडी म्हणायला लागलो.

घोडीचे चार भाग होते, चौघींचे चार. आणि एकीची बॉबीन घरंगळत दुसरीकडे जाऊ नये म्हणून मधे खांद्याएवढे पत्रे उभे केले होते. ते पत्रे पाहिले आणि मी एकदा हात लांबवून बघितला. त्यांच्यावरून हात पलीकडे जाणार नव्हता.

पहिला डॉफ घोडीवर झाला तेव्हा साहेब घड्याळ घेऊन उभा होता. काम खरंच हलकं झालं होतं. माझं इतक्या लवकर संपलं की मला दमायलाही झालं नाही. पत्र्याच्या पलीकडे मावशीचे हात चाललेले दिसत होते, आणि तिच्या अर्ध्या खुंट्यांवर अजून रिकाम्या बॉबिनी होत्या. मी सवयीनं हात खाली धरून उभी राहिले. नंदुरबारवाली आणि वारली बाईही तशाच.

साहेब माझ्याजवळ आला आणि कानाशी ओरडला, "तुमचं झालंय ना? मग हात का वर करत नाही?"

मी म्हटलं, दम घेतेय. तो वारली बाईकडे गेला, तिला तेच विचारलं. ती छताकडे बघत राहिली. मग त्यानं नंदुरबारवालीला विचारलं. बिचारा निरागसपणे प्रत्येकीसमोर जाऊन बोट दाखवत होता, हिचं झालं, हिचंही झालं, मग अडलंय काय? मावशीला ऐकू गेलं नसेल, पण बोट दिसलं. तिनं मान वळवली. आधी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खाली धरलेल्या हातांकडे. मग पलीकडे वारली बाईच्या हातांकडे. मग स्वतःच्या समोरच्या उरलेल्या खुंट्यांकडे. तिचा तेव्हाचा चेहरा मला अजूनही आठववत नाही. तिनं पुन्हा मान खाली घातली आणि राहिलेल्या बॉबिनी एकेक करून बदलल्या. हात वर केला तेव्हा ती हसली नाही.

साहेबालाही काहीतरी उमगलं असावं. जेवणाच्या सुट्टीत तो मावशीकडे आला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या. हे ठेवायचं की नाही ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर मी वर तसं कळवतो." मावशी म्हणाली, उद्या सांगते.

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. एक शब्द बोलायचा, नको, की घोडी वर्कशॉपमध्ये आणि आम्ही पुन्हा जिथल्या तिथे. संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. ती स्टोव्हवर चहा करत होती, तिनं मलाही दिला. मी बराच वेळ कारखान्याचं सोडून सगळं बोलले, मग म्हटलं, "मावशी, उद्या त्याले नको सांगी दे."

"कसाले?"

"कसाले म्हणजे काय? तुना हात दुखतस, मधमा ते पत्रा... आम्ही करतूच ना तुनं."

तिनं कपातला चहा बशीत ओतला. म्हणाली, "मना हात दुखतस हाई माले माहीत शे. पण मी शेवटली शे, हाई माले कोणी सांगं नही." मग बशी खाली ठेवून, "मी तुम्हले शिकाडं. आणि तुम्ही माले खेळणं दिधं."

मला राग आला. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. आम्ही आमच्या कमरा मोडून घेतल्या, सुपरवायझरची बोलणी खाल्ली, ते काय हे ऐकायला? मी तिला हे सगळं सुनावलं आणि चहा तसाच ठेवून निघाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तिचं बरोबर आहे. मी त्याच्याशीही भांडले. आज इतक्या दिवसांनी मी सायली गावातल्या दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला आहे, तिथे मला बोलायलाही मिळतं, आणि अजूनही आमचं चुकलं असं मला मनापासून वाटत नाही. पण तिचं बरोबर होतं असंही वाटतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबानं खात्याच्या दाराबाहेर विचारलं तेव्हा आम्ही तिघी मागेच उभ्या होतो. मावशी म्हणाली, "राहू द्या साहेब. चांगली आहे घोडी. पोरींच्या कमरा वाचतील." साहेबानं हो म्हणून मान हलवली. माझ्याकडे मात्र मावशीनं पाहिलं नाही.

मग डॉफ आला. साचा थांबला, आम्ही लागलो. माझं संपलं, नंदुरबारवालीचं संपलं, पलीकडे वारली बाई सरळ उभी राहिलेली दिसली. तिघींचे हात खालीच. हात वर करायला मला कोणी बांधलेलं नव्हतं, तरी तो उठेना. मागे सुपरवायझर घुटमळत होता. शेजारच्या साच्यावरच्या बायाही आमच्याकडेच बघत होत्या.

मावशीनं मान वर केली नाही. तिच्या डाव्या हातात भरलेली बॉबीन होती. ती पत्र्यावर सोडून तिनं मोकळा झालेला पंजा आमच्या दिशेनं वर उचलला, एकदा, दोनदा. वर करा.

पहिला हात वारली बाईचा गेला. मग नंदुरबारवालीचा. सगळ्यांत शेवटी मी, आणि तोही अर्धाच, तेव्हा मावशीनं पुन्हा पंजा हलवला आणि मला तो पूर्ण ताठ करावा लागला. तसे तीन हात वर धरून आम्ही उभ्या होतो आणि ती एकटी काम करत होती. सुजलेल्या बोटांत सुताचं टोक एकदा निसटलं. तिनं ते पुन्हा धरलं. माझे डोळे भरून आले ते मी दुसऱ्या हातानं पुसले, वरचा तसाच ठेवला, कारण तो खाली केला असता तर तिला वाटलं असतं मी पुन्हा तेच करतेय.

शेवटच्या बॉबिनीला तिनं टोक गुंडाळलं, पदराला हात पुसला आणि वर केला. साचा सुरू झाला. साहेब घड्याळ सुपरवायझरला दाखवत होता. आम्ही तिघी मिळून तिचं ओढायचो त्या दिवसांपेक्षा साचा कमीच वेळ थांबला होता. सुपरवायझर खूश होऊन आमच्याकडे बघून मान डोलवत राहिला, त्याला बाकी काही कळलं नव्हतं. मावशी शेवटची होती आणि ते सगळ्या खात्यानं पाहिलं होतं. मी ज्याला इतके दिवस घाबरत होते ते घडून गेलं होतं, आणि ती पुढच्या डॉफसाठी तिच्या खुंट्यांवर रिकाम्या बॉबिनी लावत होती.