डुप्लिकेट चेंबर

अण्णारावांच्या दुकानात नकली माल मिळत नाही, हे बीडमधल्या कुठल्याही जीपवाल्याला, ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक होतं. बत्तीस वर्षं ते गाड्यांचे सुटे भाग विकत होते. नव्वदनंतर बाजार खुला झाला आणि समोरच्या दुकानांत दिल्लीचे चकचकीत डबे आले, निम्म्या भावात. गिऱ्हाईक तिकडं वळलं. अण्णाराव हलले नाहीत. आमचं घर त्यांच्या दुकानामागंच होतं. "न्या तिकडून, पण मग रडत माझ्याकडं येऊ नका," हे त्यांचं वाक्य दिवसातून एकदा तरी भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

त्यांना एकच मुलगी, वर्षाराणी. तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता. ती नेकनूरच्या शाळेत शिक्षिका झाली तेव्हा अण्णारावांनी पुण्याहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली. तिला क्लच नव्हता, एकट्या उजव्या पायावर चालायची. तसली गाडी आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. राणी पहिल्यांदा एकटी शाळेला जाऊन परत आली, त्या दिवशी अण्णाराव दुकान उघडं टाकून तासभर चौकात उभे होते.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात ती आईवडिलांना कपिलधारला दर्शनाला घेऊन गेली. येताना रस्त्यातला दगड गाडीला खालून लागला. गिअरबॉक्सचा चेंबर, म्हणजे खालचं तेल धरून ठेवणारं पत्र्याचं भांडं, फुटला. लाल तेल रस्त्यावर सांडलं. आश्रुबा मिस्त्रीनं गाडी ओढून आणली, दोनदा वेल्डिंग करून पाहिलं. पत्रा चिरतच गेला.

"शेठ, कंपनीचा चेंबर यायला दोन महिने लागतेत," आश्रुबा म्हणाला. "पुण्यात दुसऱ्या मेकचा मिळतोय. परवापर्यंत आणतो. बसवू का?"

"डुप्लिकेट?"

"लोक वापरतेत की."

"मी न्हाई वापरत. गळला आन् घाटात गाडी बंद पडली तर? पोरीची गाडी हाय ती."

राणी कुबडी टेकून शेजारीच उभी होती. "अप्पा, बसवा की. जीपमधी चढताना लई हाल होतेत माझे."

"दोन महिन्यांचा तर सवाल हाय, राणी."

राणी कुबडी सावरत घराकडं वळली. दुसऱ्या दिवसापासून काळ्या-पिवळ्या जीपनं जाऊ लागली. तिला मागं चढता यायचं नाही, म्हणून जीपवाला तिला पुढं बसवायचा, अगदी कडेला. त्या बाजूला दार नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात समोरून ट्रक आला. जीपवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि ती कलंडली. बाकीचे खरचटण्यावर वाचले. राणी खाली सापडली.

लिंगायतांच्या रीतीनं तिला त्यांच्या शेतात समाधी दिली. अण्णाराव रडले नाहीत. पाचव्या दिवशी ते आश्रुबाच्या गॅरेजवर गेले.

"तो पुण्याचा चेंबर आण."

"आता कावून, शेठ?"

"आण म्हणलं ना."

आश्रुबानं आणला. अण्णाराव टायरवर बसून एकेक बोल्ट त्याच्या हातात देत होते. जुनं पॅकिंग खरवडून झालं, नवं बसलं, बोल्ट आवळले, तेल भरलं. इंजिन चालू करून दोघांनी वाकून खाली पाहिलं. सगळं कोरडं होतं.

त्यानंतर अण्णाराव रोज ती गाडी नेकनूरच्या शाळेपर्यंत न्यायचे आणि फाटकापासूनच वळवून परत आणायचे. घरी आले की गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचे. सकाळी गुडघ्यावर बसून, कागद ओढून, चष्मा लावून बघायचे. डाग नसायचा. मग गाडी घेऊन आश्रुबाकडं.

"नीट बघ. कुठंतरी ओल असंल."

"न्हाई शेठ. घट्ट हाय."

"तू नीट बघत न्हाईस बे!" एकदा ते ओरडले आणि तिथंच मातीत बसले. आश्रुबा त्यांच्याजवळ उकिडवा बसून राहिला. शेठना तो चेंबर गळायला हवाय, हे त्याला तेव्हा कळलं. एक थेंब गळला असता तर आपलं म्हणणं खरं होतं एवढं तरी त्यांना म्हणता आलं असतं.

दोन वर्षं झाली, चेंबर गळला नाही. दुकानात आता अण्णाराव कुणालाच काही सांगत नव्हते. जे मागाल ते द्यायचे, दिल्लीचंसुद्धा.

एकदा दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या पत्नी बसम्मा भाकरी थापत होत्या.

"माझ्यामुळं राणी गेली, असं तुला बी वाटतं का?"

बसम्मांनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

"वाटतं," त्या म्हणाल्या. "बसा आता. ताट वाढते."

ते बसले, जेवले. हे बसम्मांनीच माझ्या आईला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ आमच्या ओट्यावर बसून राहिल्या.