सासूबाईंचा डावा गुडघा

बदललेल्या गुडघ्याखाली उशी ठेवायची नसते. मी ठेवली. एकीनं पाय पुरेसा उंच होईना, म्हणून तिच्यावर दुसरीही ठेवली.

सासूबाईंना हॉस्पिटलमधून मोशीला आमच्या फ्लॅटवर आणलं होतं. पाय सरळ ठेवला की त्या कण्हायच्या. ते कण्हणं ऐकून माझ्यातला आदर्श जावई खडबडून जागा झाला. त्यांचा डोळा लागलेला बघून मी चादरीखालून उशा सरकवल्या. गुडघा वाकला, कण्हणं थांबलं. मी स्वतःवर इतका खूश झालो, की त्या दिवशी सेकंड शिफ्टला जाताना लिफ्टमध्ये शिट्टी वाजवली. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की हॉस्पिटलनंच तसं सांगितलंय. कारण आईला घेऊन मी आलो होतो. प्रत्यक्षात नर्स सूचना देत होती, तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते शोधत होतो.

आता सासूबाईंनी मला अडवायचं, तर त्यात एक अडचण होती. त्या माझ्याशी बोलत नसत. भांडण मुळीच नव्हतं. चाकणच्या पलीकडच्या त्यांच्या गावात, त्यांच्या पिढीत, सासूनं जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याकडे पाय करून बसायचं नाही आणि सरळ त्याच्याशी बोलायचं नाही, अशी रीत. लग्न झाल्यापासून आमचा सगळा व्यवहार सुनंदामार्फत चाले. सुनंदा नसेल तर लेकरामार्फत, लेकरू शाळेत असेल तर भिंतीमार्फत. आमच्या फ्लॅटवर आल्यावर हे काम त्यांनी फ्रिजकडे दिलं. त्यांच्या पलंगावरून तो समोरच दिसायचा. मी खोलीत शिरलो की पदर सावरून त्या फ्रिजकडे बघत म्हणायच्या, "जावायबापूंचा च्या झाला का, इचारा." मी फ्रिजकडे बघून म्हणायचो, "झाला म्हणावं." फ्रिज बिचारा घुर्र करायचा. निरोप पोचायचा.

त्यांचं नाव हौसाबाई. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र शेतातून पार रस्त्यापर्यंत जाईल असा. नवरा लवकर गेला. सुनंदा एकुलती एक. रान कांद्याचं; त्यातलं बरंचसं पुढे कंपन्यांकडे गेलं. घराच्या मागच्या भिंतीला आता एका गोदामाची भिंत लागून आहे. डॉक्टरांनी पहिल्या तपासणीत विचारलं, "आजी, गुडघे कशानं गेले?" तर म्हणाल्या, "एक कांद्यानं खाल्लं, एक भुईमुगानं." डावा कांद्याचा. तो जास्त बिघडलेला, म्हणून आधी तोच बदलला.

फिजिओथेरपीवाली मयूरी घरी आली आणि चादर उचलताच ओरडली, "ही उशी कुणी ठेवली?"

मी एकदम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखा उभा राहिलो.

"म्याच मागितली," सासूबाई म्हणाल्या. "पोरी, वरडू नगंस. म्हातारं मानूस हाय, बरं वाटलं, घेतली."

मयूरीनं मला बाहेर बोलावून समजावलं. उशीवर गुडघा वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो. आता या काही आठवड्यांत तो सरळ झाला आणि पुरता वाकला, तर ठीक. नाहीतर आजी कायम लंगडतील, पायरी चढता येणार नाही, एकटं राहणं तर विसराच. "रोज दोनदा व्यायाम, जखम पुरती भरली की हलक्या हातानं मसाज. संध्याकाळी मॅडम करतील. सकाळी कोण आहे घरी?"

सकाळी घरी मी होतो. सुनंदाची कंपनीची बस उजाडताच मोशीच्या चौकातून सुटायची.

पायरी आणि एकटं राहणं हे शब्द आतपर्यंत गेले होते. सासूबाई पहिल्यांदाच घाबरलेल्या दिसल्या. त्यांच्या घराला पाच-सहा उंच दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या वर, दाराशी माठ. पलीकडच्या गोदामात आणि कंपन्यांत जाणारी परगावची पोरं शिफ्टच्या आधी-नंतर तिथं पाणी प्यायची. मराठवाड्याची, विदर्भाची, खोल्या करून राहणारी. सासूबाईंना त्यांची नावं येत नसत. "पयल्या शिफ्टचा काळा", "रातपाळीचा उंच" अशी ओळख. चप्पल काढल्याशिवाय पायरी चढू देत नसत आणि पाणी दिल्यावर "आईला फोन केला का?" हे विचारल्याशिवाय जाऊ देत नसत. त्या फ्रिजला म्हणाल्या, "माठ कोरडा पडला आसंल. मला माज्या घरी माज्या पायानं जायाचंय, इचारा कसं ते."

"पाय माझ्या हातात द्यावा लागेल म्हणावं," मी फ्रिजला सांगितलं.

फ्रिज बंद पडला की काय इतकी शांतता झाली. जावयाचा हात सासूच्या पायाला! मग त्यांनी तोड काढली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून अख्खा चेहरा झाकून घेतला आणि पाय माझ्याकडे केला. म्हणजे पाय तिथं होता, सासूबाई नव्हत्या.

असं आमचं सुरू झालं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, मांडीचा स्नायू आवळायचा, थोडं थांबायचं, सोडायचं. मग टाच चादरीवरून मागं ओढत गुडघा वाकवायचा. टाच सरकावी म्हणून खाली साडीच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी. मी कंपनीच्या टूलरूमचा माणूस, केसाहून बारीक मापात, मायक्रॉनमध्ये बोलणारा. मी आकडे मोजायचो आणि पदराआडून हळूच सूचना यायची, "मोजनारा मधलं गाळत न्हाई ना, इचारा." संपलं की पदराआडूनच हात जोडले जायचे. जावयानं पाय धरल्याचं पाप रोजच्या रोज फेडून टाकायचं, उधारी ठेवायची नाही, असा हिशोब.

टाके निघाले, जखम भरली. मयूरीनं मला मसाज शिकवला. व्रणाच्या कडेनं बोटांनी कातडी हलकी फिरवायची, खाली चिकटू द्यायची नाही. मांडीवर हात वरच्या दिशेनं न्यायचा, म्हणजे सूज उतरते. पहिल्या दिवशी मी खोबरेल तेलाची वाटी आणली ती इतकी भरून, की चादर, पिशवी आणि माझी पॅंट तिघांनी न्हाऊन घेतलं. पदर गदागदा हलला. आत कोणीतरी हसत होतं.

गुडघा हट्टी होता. सरळ होत आला, पण वाकताना एका जागी आला की थांबायचा. मयूरी म्हणाली होती, तिथंच थोडा जोर लावायचा, रोज किंचित. एका सकाळी मी तो 'किंचित' जरा मनावर घेतला.

"आरं मुडद्या, सोड! पाय तोडतोस का काय!"

पदर चेहऱ्यावरून उडाला होता. सासूबाई माझ्याकडे, थेट माझ्या डोळ्यांत बघत होत्या. मीही त्यांच्याकडे. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचे डोळे बघत होतो. घारे होते, हुबेहूब सुनंदाचे. त्यांनी तोंडावर हात घेतला. "आगं बया, जावायला काय बोलून बसले मी!" आणि मग आम्ही दोघं जे हसलो, ते खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन बघितलं, काय झालं म्हणून.

मुडदा म्हटल्यावर पदराला तसा काही अर्थ उरला नाही. तो डोक्यापुरता राहिला. पाय माझ्या हातात आणि त्या बोलत. दुखलं की डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "दुखतंय म्हंजी हाय." हे त्यांचं कायमचं वाक्य. गुडघ्याबद्दल म्हणायच्या, नवऱ्याबद्दलही म्हणायच्या, गेलेल्या रानाबद्दलही. मी विचारलं, "रान तर गेलं ना?" तर म्हणाल्या, "गेलं तर दुखलं कशाला आसतं? हाय कुटंतरी."

एकदा उशीचा विषय निघाला. मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"मला ठावं व्हतं उशी घ्यायची न्हाई ते. नर्सबाईनी बजावून सांगितलं व्हतं."

"अहो, मग काढून टाकायची होतीत!"

"जावायानं आपल्या हातानं दिल्याली उशी? काढून टाकू? तुमाला काय वाटलं आसतं!"

"निदान बोलायचं तरी."

"कुनाला बोलू? फ्रिजाला?"

पाय कायमचा गेला असता. जावयाचं मन मोडू नये म्हणून बाई गुमान पडून राहिल्या होत्या. मी त्यावरही काहीतरी विनोद केला असणार. मला दुसरं काही येत नाही.

सुनंदा संध्याकाळी दमून यायची, आईचा दुसऱ्या पाळीचा व्यायाम करून घ्यायची. सुट्टीच्या दिवशी आमच्या सकाळच्या गप्पा ती स्वयंपाकघरातून ऐकत असे. एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई माझ्याशी कधी एवढं बोललीच नाही. अंधार पडल्यावर रानातून यायची, भाकरी थापायची आणि बसल्या जागी झोपायची." मी म्हणालो, "आपल्या हातातच जादू आहे." तिनं मान वर केली नाही. कांदा चिरत होती, म्हणून डोळ्यांतल्या पाण्याचा अर्थ मी कांदाच लावला. मी तसा हुशार माणूस आहे.

गुडघा वाकला. पुरता वाकला. मयूरीनं जिन्यात उभं करून पायऱ्या चढवून घेतल्या. चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा आधी खाली. सासूबाई एक मजला चढून गेल्या आणि वरून मला ओरडून म्हणाल्या, "जावायबापू, गाडी काढा!"

मी म्हटलं, "राहा की अजून."

"लई झालं. माठ कोरडा हाय."

"माठ इथं ठेवू. गॅलरीत."

"सातव्या मजल्यावर कोन येतंय तहानेनं? पारवं?"

त्यांच्या घरासमोर मी गाडी थांबवली, हात पुढे केला. त्यांनी धरला नाही. कठड्याला एक हात लावून त्या पायऱ्या चढल्या, चांगला पाय आधी. वर जाऊन माठावरची धूळ पदरानं पुसली. "पयल्या शिफ्टचा काळा" कुठूनसा आलाच. "आज्जी, चालायला लागल्या की!" त्याला म्हणाल्या, "चप्पल काढ." आणि माझ्याकडे वळून, "व्यायाम करीन रोज. मोजून. तुमच्यावानी गाळून न्हाई."

त्या करत होत्या. मी दर रविवारी जायचो, तेल न्यायचो, गुडघा बघायचो. सुनंदाही यायची, बहुतेक वेळा मागे भांडी घासत असायची, कारण पुढे ओट्यावर आम्हा दोघांचा गुडघा चाललेला असायचा. उजव्याचंही ऑपरेशन करू म्हणून मी मागे लागलो होतो. "भुईमुगाचा ऱ्हाऊ दे," म्हणायच्या. "त्यो माज्याबरुबर येईल."

उन्हाळ्यात, एका सकाळी सुनंदा बसनं गेली होती आणि मी चहा टाकत होतो, तेव्हा त्यांच्या शेजारणीचा फोन आला. रातपाळीची पोरं पाणी प्यायला थांबली होती. आजी दाराच्या चौकटीला टेकून बसलेल्या, माठ भरलेला, तांब्या मांडीवर. पोरांना वाटलं, डुलकी लागली. चप्पल घालून पायरी चढला एकजण, तरी ओरडल्या नाहीत, तेव्हा त्यांना कळलं.

मी सुनंदाला फोन केला. काय बोललो आठवत नाही. ती म्हणते, मी नुसता "आई, आई" करत होतो आणि तिला वाटलं माझीच आई. तिची कंपनी आईच्या गावापासून जवळ, तरी मी मोशीहून तिच्या आधी पोचलो. सिग्नल पाळले की नाही माहीत नाही.

त्यांना आत चटईवर निजवलं होतं. डोक्यावर पदर नीट होता, कुणा बाईनं तो आणखी पुढं ओढून दिला होता. मी पायाशी बसलो. डावा पाय हातात घेतला. सरळ होता, अगदी सरळ, गुडघ्याखाली बोटही गेलं नसतं. व्रणाची कातडी मऊ झाली होती, कुठंच चिकटली नव्हती. मी सवयीनं अंगठा कडेनं फिरवला. थांबवता येईना. वाट बघत होतो की त्या डोळे मिटून काहीतरी म्हणतील. डोळे मिटलेलेच होते. मग मला जे रडू फुटलं, ते कंपनीतल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या आवाजासारखं. गावातल्या बायका आपलं रडणं थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. कुणी मला पाणी दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला, एक म्हातारा "पोटच्या लेकागत जावाय हाय" म्हणाला. त्यावर मला आणखी जोरात रडू आलं.

सुनंदा कधी आली कळलं नाही. कंपनीच्या निळ्या ॲप्रनवरच होती, गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं. बायकांनी वाट करून दिली. पण आत जागा नव्हती, कारण आईच्या अंथरुणाजवळची सगळी जागा मी अडवून बसलो होतो. ती कितीतरी वेळ माझ्या मागे नुसती उभी असावी. मी वळलो आणि हुंदके देत तिला दाखवायला लागलो, "बघ ना, बघ, किती छान सरळ झाला होता गं..."

"तुम्हाला तिचा एक गुडघा माहीत होता," सुनंदा म्हणाली. "बाकीची आई माझी होती. उठा तिथून, मला बसू द्या."