विहिरीच्या पाण्याचा फाया

कुरखेड्याच्या आठवडी बाजारात जहीर अत्तरवाला दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. सायकलच्या कॅरिअरला शिसवी पेटी, पेटीत कप्पे, कप्प्यांत तीस बाटल्या. कुरखेडा, पुराडा, कोरची असे बाजार त्याने तीस वर्षं त्याच पेटीवर केले. पावसात प्लास्टिक पेटीवर, स्वतःवर काही नाही. गिऱ्हाईक घेवो न घेवो, कापसाचा बोंडाएवढा फाया अत्तरात बुडवून तो समोरच्याच्या कानात खोचायचाच. मास्तर असो, धानाचा दलाल असो, की नागरमोथ्याची मोळी घेऊन रानातून आलेला लालसू असो. बाजारातून कोणी कोऱ्या कानाने परत गेला, तर जहीरला तो दिवस अर्धाच भरल्यासारखा वाटायचा.

त्याचं घर मशिदीमागच्या गल्लीत होतं. मातीच्या भिंती, दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा कैफ वडसा ते कुरखेडा काळीपिवळी जीप चालवायचा. पंच्याण्णव साली कैफचं लग्न झालं आणि वडशाची मदीहा सून म्हणून घरात आली. बोलायला कमी, कामाला नेटकी. ती आल्यापासून जहीरला गरम भाकर मिळू लागली. बाजारात तो हे दोन-तीन वेळा तरी सांगायचा.

दोन वर्षांत मदीहाची दोन पोटं पडली. पहिलं तिसऱ्या महिन्यात, दुसरं चौथ्यात. जहीर तिला एका शब्दाने बोलला नाही. पण हातावर हात ठेवून बसणं त्याला जमत नव्हतं, म्हणून त्याला जे येत होतं ते त्याने केलं. घरात खुशबू असली की बरकत येते, हे त्याने वडिलांकडून ऐकलेलं. दर गुरुवारी तो लोबानची धुनी दोन्ही खोल्यांतून फिरवू लागला. दर शुक्रवारी सुनेच्या ओढणीला हीनाचं अत्तर लावून द्यायचा. नागपूरहून आणलेल्या अत्तराच्या तेलाचे डबे तिच्याच खोलीत, पलंगाखाली ठेवायचा, कारण घरात ती एक जागा थंड होती. बाटल्या भरायचा तोही तिथेच, दार लावून, म्हणजे धूळ जाऊ नये. हे सगळं त्याने मायेने केलं आणि काटेकोर केलं. एक शुक्रवार चुकवला नाही.

सत्त्याण्णवच्या होळीच्या सुमारास मदीहाला पुन्हा दिवस गेले. जहीर बाजारातून आला की ती पदर नाकाशी धरून स्वयंपाकखोलीत जायची. जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. दोन-चार दिवस हे पाहून जहीरच्या मनाला लागलं. आपण काही बोललो का, काही चुकलं का, हे तो आठवत राहिला. विचारलं मात्र नाही.

विचारलं ते कांताबाईने. कांताबाई दवाखान्याची नर्स. वीस वर्षं त्याच भागात पायी फिरलेली. तपासायला म्हणून ती मदीहाच्या खोलीत गेली आणि पाच शिंका देऊन बाहेर आली. तिने मदीहाला पडवीत बसवलं, पाणी पाजलं आणि जहीरला आत बोलावून पलंगाखालचा एक डबा ओढायला लावला.

"जहीरभाऊ, याच्यात काय काय हाय?"

"गुलाब हाय."

"वास गुलाबाचा हाय, ते मलेबी कळते. आत काय हाय?"

जहीरने डबा फिरवून पाहिला. वर निळ्या शाईने एक नंबर होता. बाकी काही नाही. वडिलांच्या वेळी कनोजचं अत्तर यायचं, फुलाचं. ते परवडेनासं झालं तेव्हापासून हे डबे. पातळ करायला त्याच दुकानातून दुसरं एक तेल. बारा वर्षं तो ते मिसळत होता. प्रमाण त्याला झोपेतही सांगता आलं असतं, पण तेल कशाचं ते माहीत नव्हतं.

"पोरीची दोन गेली ती याच्यानं का?" त्याने विचारलं.

कांताबाईने सरळ सांगितलं. असं कोणी सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही. पोट पडायला शंभर कारणं असतात. आपण तर तसं म्हणणारच नाही, म्हणाली. "पण ज्याच्यात काय हाय ते तुमाले माहीत नाई, मले माहीत नाई, ते पोटुशीच्या नाकाशी रातदिन कशाले? धूरबी नोको. पावडर नोको, सेंट नोको. मोकळी हवा अन् गोळ्या. मूल राहावं असं वाटते त्या बाईनं आधीपासूनच जपावं." मग ती मदीहाकडे वळून म्हणाली, "अन् तू काऊन बोलली नाईस व? तोंड शिवलं होतं का तुहं?"

मदीहा जमिनीकडे बघत म्हणाली, "अब्बाचा धंदा आहे. कसं बोलू?"

जहीर दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन नागपूरला गेला. चार तासांची एसटी, मग दुकानापर्यंत चालत. व्यापाऱ्याने चहा पाजला. तेलात काय आहे विचारल्यावर हसला. इतकी वर्षं विकता, आजच का चौकशी, म्हणाला. सगळेच हेच विकतात. जहीरने तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी व्यापारी खरं ते बोलला: त्यालाही माहीत नव्हतं. जहीर डबा घेऊन परत आला.

मग त्याने कामाला हात घातला.

गावाबाहेर, नाल्यापलीकडे त्याची थोडी पडीत जागा होती. घरापासून सहाशे पावलं, त्याने मोजली. मदीहाला पंधरा दिवस माहेरी पाठवलं. लालसूने बांबू तोडून आणले आणि कुडाच्या भिंती विणायला तो स्वतः बसला. जहीर माती कालवत होता. लालसू म्हणाला, "आमी शिकारीले जातो तवा अंगाले साबणबी लावत नाई. तुहा वास त नाल्याच्या पलीकडून येते गा. सावज पळून जाईन. सून बिचारी कुठी पळन?"

"मले नाई येत वास," जहीर म्हणाला.

"तुहं नाकच मेलं तीस वर्षांत."

जहीर हसला, पण ते खरं होतं. हाताला, कपड्याला, केसाला किती वास आहे, हे आता त्याला स्वतःला कळत नव्हतं.

आठ दिवसांत झोपडी उभी राहिली. डबे, बाटल्या, नरसाळी, मोजमापं, पेटी, सगळं सायकलवरून तिकडे गेलं. सतरा खेपा झाल्या. मग घर. मातीच्या भिंतीत वास मुरलेला असतो, वरून पोतारा मारून तो जात नाही. जहीरने खुरपीने भिंतीचा दोन बोटं थर खरवडून काढला. दोन्ही खोल्यांचा, खालपासून आढ्यापर्यंत. पडलेली माती टोपल्याने बाहेर टाकली. नवी माती तुसात कालवून तीन दिवस मुरवली, मग लिंपली, वरून चुना दिला. पलंग विहिरीवर नेऊन राखेने घासला. गाद्या उसवून कापूस उन्हात पिंजला. वय चौपन्न. कमरेला पट्टा बांधून केलं. कैफने मजूर लावू म्हटलं, तर तो म्हणाला, वास मुरवला कोणी?

मदीहा परत आली. दारात उभी राहिली, आत गेली, भिंतीला नाक लावून पाहिलं. त्या दिवशी ती जेवली. पोटभर.

आता उरला जहीर स्वतः. झोपडीशेजारी त्याने रांजण ठेवला. बाजारातून आला की पेटी तिथे, कपडे तिथे. राख आणि बिनवासाच्या साबणाने अंघोळ, मग घरचे धुतलेले कपडे. एवढं करून तो घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. पहिल्या दिवशी त्याने सुनेला म्हटलं, "बेटा, माझं नाक कामाचं नाही. तू सांगायचं. खोटं सांगशील तर सगळी मेहनत पाण्यात."

मदीहाने मान हलवली. तो दोन पावलं पुढे आला. सासऱ्याला 'तुम्हाला वास येतो' असं तोंडावर म्हणायचं, हे तिच्या माहेरी कोणी केलं नव्हतं. तिचे डोळे भरले. शेवटी ती म्हणाली, "अब्बा, कानामागं राहिला आहे."

जहीर खूश झाला. तीस वर्षांत इतकं खरं गिऱ्हाईक त्याला मिळालं नव्हतं. तो वळला, सहाशे पावलं परत गेला, कान घासले, पुन्हा आला. "या," मदीहा म्हणाली.

तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. कधी नखांत राहायचा, कधी दाढीत. जहीरने दाढी बारीक केली. श्रावणात नाला फुगला तेव्हा तो रस्त्याने वळसा घालून, अर्धा कोस जास्त चालून यायचा. मदीहाचा आवाजही हळूहळू मोठा झाला. आधी ती कुजबुजायची, मग शेजारच्या अंगणात ऐकू जाईल अशी "परत जा, अब्बा" म्हणू लागली. गल्लीतल्या बाया हसायच्या. जहीर वळून निमूट जायचा.

तिसरा महिना गेला, चौथा गेला. कांताबाई येत होती, गोळ्या मोजून पाहत होती. सातवा लागला तसा सतवाशाचा दिवस ठरला. सातव्या महिन्यात पोटुशीला सजवायचं, ओटी भरायची, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने तिला खुशबू लावायची, हा त्यांच्यातला रिवाज. जहीरची थोरली बहीण जाहिदा चंद्रपूरहून आली. तिने मोगऱ्याच्या वेण्या, चंदनाचं उटणं आणि चमेलीची बाटली आणली होती. बाटली जहीरनेच मागच्या ईदला दिलेली. घरात नुसता चुन्याचा वास, हे पाहून ती बायांसमोर बोलली की अत्तरवाल्याचा सतवासा आणि खुशबूचा पत्ता नाही, लोक शेण घालतील तोंडात.

जाहिदाने जहीरला लहानपणी कडेवर वागवलेलं. तिला त्याने आजवर नाही म्हटलं नव्हतं. ती बाटलीचं बूच काढायला लागली. मदीहा नव्या साडीत बसली होती. तिने जाहिदाकडे पाहिलं नाही, उंबऱ्यावरच्या सासऱ्याकडे पाहिलं.

जहीर आत आला. बहिणीच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "आपा, बूच राहू दे. ही मीच भरली आहे. आत काय आहे ते मलाच माहीत नाही."

"मग रिवाजाचं काय?"

जहीर मागे गेला. विहिरीचं पाणी काढलं, वाटीत घेतलं. खिशातून कोरा कापूस काढून फाया वळला, त्याच सवयीच्या तीन बोटांनी, आणि पाण्यात बुडवून सुनेच्या कानात खोचला.

"हे कशाचं अत्तर?" एका बाईने विचारलं.

"विहिरीचं," जहीर म्हणाला. "आतलं सगळं ठाऊक आहे. विहीर मीच खोदली."

जाहिदा क्षणभर रागात होती, मग तिलाच हसू फुटलं. तिने बाटली पिशवीत टाकली आणि वाटी पुढे सरकवली. एकेक करून सगळ्या बायांनी पाण्याचा फाया कानात घातला. पाणी मानेवरून ओघळत होतं आणि हसणं थांबत नव्हतं. मदीहाही हसली, पोट धरून.

बाजारात मात्र काहीजण म्हणू लागले की अत्तरवालाच अत्तराला भितो. जहीरने कोणाशी वाद घातला नाही. गिऱ्हाईक लग्नाच्या वऱ्हाडातलं असेल तर द्यायचा. नवी नवरी असेल, दिवस गेलेली बाई असेल, तर सांगायचा की यात काय आहे मला माहीत नाही, तू नको घेऊ, वाळ्याच्या मुळ्या ने कपाटात ठेवायला. वाळा लालसूचा असायचा.

दिवाळीनंतर मदीहा दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. जहीरने ती खिडकीच्या जाळीतून पाहिली. तो दिवसभर तिथेच उभा होता. तिसऱ्या दिवशी सोडणार होते, म्हणून दुसऱ्या दिवशी तो बाजाराला गेला. दुपारी लालसू माणसांतून वाट काढत आला. "आजच सुटली गा दवाखान्यातून. पोरगी घरी आली."

जहीरने पेटी कशीबशी बांधली आणि सायकल थेट गल्लीत घातली. टोपी वाटेत पडली, ती लालसूने उचलली. सायकल भिंतीला टेकवली. आतून रडणं ऐकू येत होतं, बारीक, खणखणीत. जहीरचा एक पाय उंबऱ्यावर पडला आणि तिथेच थांबला. अंगात बाजाराचे कपडे, बोटं चमेलीने ओली.

"अब्बा, या ना," आतून कैफ म्हणाला. "आज राहू द्या."

मदीहाचं 'या' मात्र आलं नाही.

जहीरने पाय मागे घेतला. सायकल वळवली. झोपडीवर जाऊन रांजणातल्या पाण्याने अंघोळ केली, घाई न करता. मनगटं, नखं, कानामागे, मानेची खाच. दोनदा राख, दोनदा साबण. कपडे बदलले आणि सहाशे पावलं चालत आला. मूल तोवर रडून झोपलं होतं.

तो उंबऱ्याबाहेर नेहमीच्या जागी उभा राहिला. मदीहाने मुलीला छातीशी धरलं, उठून दाराशी आली. सासऱ्याच्या हातापाशी वाकून तिने वास घेतला. उजवा हात. डावा हात.

"या," ती म्हणाली, आणि मुलगी त्याच्या हातावर ठेवली.