सात हातांचा द्रुमाक्ष आणि माझी मावशी

ज्याचं देऊळ काशीत नाही असा देव सापडणं कठीण. माझ्या मावशीने मात्र तो टीव्हीवरून शोधून काढला. आणि तोसुद्धा युद्धाचा देव! दुर्गाघाटाच्या गल्लीत जन्म काढलेली, मुलींच्या शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलेली, अविवाहित आणि इतकी मवाळ बाई, की रिक्षावाल्याला ‘थांबा’ म्हणायचासुद्धा तिला संकोच. तो आपणहून थांबेल तिथे उतरायची आणि चालत मागे यायची. ताटातलं मीठ कमी असलं तर तिला वाटायचं, आपल्याच जिभेचं काहीतरी चुकतंय.

बँकेच्या बदलीने मी नाशिकहून बनारसला आलो आणि तिच्याकडे राहायला लागलो. सुट्टीच्या दुपारी मी एक अंतराळातली मालिका लावायचो, हिंदीत डब केलेली. ग्रह, याने, स्फोट. मावशी वाती वळत शेजारी बसायची. एका भागात त्या ग्रहावरचे सैनिक लढाईपूर्वी आपल्या युद्धदेवापुढे गुडघे टेकतात. ड्रोमाख त्याचं नाव, लोखंडाचे सात हात. सहांत शस्त्रं, सातव्यात वाडगा. मावशीची वात हातातच राहिली. “वाडगा कशाला रे?” मी म्हटलं, “त्यांचा नियम आहे, आधी शत्रूला जेवू घालायचं, मग लढायचं.” “आपले सगळे देव भक्तांना प्रसाद देतात,” ती म्हणाली, “ह्याला दुश्मनाच्या भुकेचा खयाल आहे.”

आठवड्याभरात ड्रोमाखचा द्रुमाक्ष झाला. मग अनुष्टुभात आठ श्लोकांचं स्तोत्र झालं. लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडे ती मूर्ती घडवायला गेली. त्याने मालिकेतलं चित्र उलटसुलट करून विचारलं, “माताजी, ई कौन देवता हैं?” मावशी म्हणाली, “युद्ध के हैं, पर स्वभाव अच्छा है।” त्याने मूर्तीला चकचकीत लाल रंग दिला आणि कारण नसताना मिशाही काढल्या. त्या मावशीने मान्य केल्या. शेजारच्या वेदपाठशाळेतले गुरुजी एकदा देवघरात डोकावले आणि गंभीरपणे म्हणाले, “ह्याला शास्त्राधार काय?” मावशी म्हणाली, “शास्त्र त्यांच्या ग्रहावर आहे, गुरुजी. इथे पोथी नाही मिळत.” गुरुजींनी निमूटपणे तीर्थ घेतलं.

इथवर हा नुसता छंद होता. पण मावशी द्रुमाक्षाचा नियम पाळायला लागली. समोरचा पानवाला रोज आमच्या दारातच मोटरसायकल लावायचा आणि मावशी रोज अंग चोरून बाहेर पडायची. एके सकाळी ती शिऱ्याची बशी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. “पहले खा लीजिए। झगड़ा बाद में है।” त्याने गोंधळून बशी संपवली. “झगड़ा किस बात का, माताजी?” “मोटरसाइकिल का।” गाडी त्याच क्षणी हलली. दोन दिवसांनी तो आपणहून दारात आला. “आज कौनो झगड़ा नहीं है?”

मग मालिकेचा तो भाग आला, ज्यात सेनापतीला सख्ख्या भावाशी लढावं लागतं. मावशी मध्येच उठून आत गेली. रविवारी सकाळी पाहतो तर तिने सांज्याच्या पोळ्या केलेल्या. “रामनगरला चल,” ती म्हणाली. “दादाशी भांडायचंय.”

दादा म्हणजे माझा मामा, रेल्वेतून निवृत्त झालेला, मामीसह गंगेपलीकडे रामनगरला राहणारा. आजीचं आजारपण नऊ वर्षं मावशीने एकटीने काढलं होतं. आजी गेली त्या दिवशी मात्र मामाने मावशीला मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाच्या वरच्या पायरीवर थांबवलं होतं. “बायका खाली येत नाहीत,” म्हणाला. ती थांबली. त्याला दहा वर्षं झाली. त्यानंतर त्या दोघांत दिवाळीच्या फोनापलीकडे बोलणं नव्हतं.

मामाने दार उघडलं. “आज कशी काय?” “आधी खा,” मावशी म्हणाली. मामाने दोन पोळ्या खाल्ल्या, तूप मागून घेतलं. “आता बोल.”

मावशी उठून उभी राहिली. “का थांबवलंस मला?” तो आवाज तिचा आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मामी स्वयंपाकघरातून धावत आली. “नऊ वर्षं तिचं सगळं मी केलं. तिला शेवटचं पोचवायला मी नको झाले? लोक काय म्हणतील म्हणून?”

मामाने ताट बाजूला सारलं. “लोकांचं नाही ग,” तो म्हणाला. “मला रडू आवरत नव्हतं. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं मला.”

“मग रडायचंस! मी काय हसले असते?”

ती खाली बसली. मामीने पाणी दिलं. मामाने डोळे पुसले आणि विचारलं, “संपलं का भांडण?”

“थोडं बाकी आहे.”

“मग मी नावेत येतो तुमच्याबरोबर. वाटेत भांड.”

ती खरोखर भांडली. लहानपणी त्याने मोडलेल्या तिच्या पाटीपासून सुरुवात झाली. मामा प्रत्येक आरोप कबूल करत होता. एकदा तर ती विसरलेला एक आरोप त्यानेच आठवून दिला, तेव्हा दोघं इतकी हसली की नावाडी वळून पाहू लागला. मणिकर्णिका दिसली तसा मामा नावाड्याकडे वळला. “भैया, यहाँ लगा दो,” तो म्हणाला.

पायऱ्या ओल्या होत्या. मामाने तिचं कोपर धरलं. मी नावेतच थांबलो. चितांपासून थोड्या अंतरावर मामा हाताने एकेक जागा दाखवत होता. इथे आईला ठेवलं होतं, इथून मी मडकं घेऊन फिरलो, इथे बसलो होतो. आणि मावशी त्या प्रत्येक जागेपाशी थांबून नीट बघत होती. नावाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “रहने दीजिए, उनको समय लगेगा।” त्याने इंजिन बंद केलं.