उंबऱ्यावरचं ढेकूळ

आधी माफी मागतो. अर्थशास्त्रावर लिहावं इतकं मला ते येत नाही. इंटरला त्यात बरे गुण पडले, एवढंच. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे मला काय येतं आणि काय येत नाही, हे सांगणारंही घरात कोणी नव्हतं. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या गोरेगावहून पायी दोन तासांवर. गावाचा जुना तलाव आहे आणि सगळं धान त्याच्यावर. बाबा पाणकर होते. तलावाच्या तोंडाला लाकडी बुचांचं तुडूम असतं. ते उघडून कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती वेळ पाणी जाईल, हे पाणकरानं बघायचं. दुसरं काम वैशाखातलं. तलावातल्या वाळलेल्या गाळाचं एकेक ढेकूळ बाबा संध्याकाळी प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर ठेवून यायचे. दुसऱ्या सकाळी त्या घरचा माणूस ते ढेकूळ घेऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, यायचा, ते तिथे टाकायचा आणि मग आठ सकाळी माती वाहायचा. कोणी हाक मारत नसे. ढेकूळ ठेवलं की झालं.

मी इंटर दिली त्या वर्षीपर्यंत मालगुजारी, म्हणजे तलावाच्या मालकाची जमीनदारी, गेली होती. तलाव सरकारचा झाला म्हणत होते. आणि ऐन वैशाखात गावाजवळ विडीच्या तेंदूपत्त्याची फडी, म्हणजे तोडलेली पानं विकत घेण्याचा तळ, बसली होती. ठेकेदाराचा मुन्शी खाटेवर बसूनच सांगायचा, "पत्ता सवेरे का ही लूँगा. दोपहर का मुरझाया हुआ नहीं चलेगा." म्हणजे सकाळ एकच, आणि तिच्यात एकच काम होणार.

मी सुट्टीत घरी होतो. चावडीसमोर माणसं बसली होती, बाबाही होते. आमच्या शेजाऱ्यानं मला विचारलं, "काऊन गा कॉलेजवाल्या, तुह्या पुस्तकात का लिवलं हाये? माती टाकाची का पत्ता तोडाचा?"

त्याला थट्टाच करायची होती. मी मात्र खरंच उत्तर दिलं. म्हणालो, एक काम केलं की दुसऱ्याचे पैसे बुडतात. ज्या सकाळी तुम्ही माती टाकता, त्या सकाळी पत्त्याची जेवढी मजुरी मिळाली असती, तेवढ्याला ती माती पडते. ती फुकट नाही. याला गमावलेल्या संधीची किंमत म्हणतात.

"आन एका घरचा मानूस नाई आला, तं पाळ पडते का?"

"एका माणसानं नाही पडत," मी म्हणालो. हे तेव्हा खरं होतं. आताही खरंच आहे.

"आयकलं का गा पाणकर?" शेजारी बाबांकडे वळला. "तुहाच पोट्टा सांगून राहिला! आमी इतके वर्सं उगाच मातीत गेलो!"

सगळे हसले. बाबा म्हणाले, "सिकलेला हाये तो. म्हणत असंन तं बरोबरच असंन."

मोठी माणसं माझं ऐकत होती याची मला सवय नव्हती. ते मला आवडलं, हे लिहून ठेवतो.

दुसऱ्या संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखी ढेकळं ठेवली. सकाळी पाळीवर कोणी आलं नाही. बायकांनी अंगण झाडताना ढेकळं बाजूला सारली. मी आईबरोबर पत्त्याला गेलो. पुढच्या वर्षाची फी भरायची होती, आणि बाबांनीच मला तिकडे धाडलं होतं. दुपारी चिकानं काळी झालेली बोटं घेऊन परतताना बाबा पाळीवर दिसायचे. एक टोपली टाकायची, खाली उतरायचं, पुन्हा भरायची.

चौथ्या दिवशी मी विचारलं, "बाबा, कायले जाता? एकट्यानं काय होते?"

"एका मानसानं पडत नाई म्हणालास ना?"

"हो."

"मंग एका मानसानं उभी बी राहात नाई. थे मले बी समजते."

"मंग?"

"मी पाणकर आहो," ते म्हणाले. "जेवून घे."

फी भरली. मी नागपूरला परतलो.

इंटरच्या परीक्षेत घसाऱ्यावर प्रश्न आला होता. मी गोंदियातल्या धानगिरणीचं उदाहरण दिलं होतं: यंत्र दरसाल थोडं झिजतं, दिसत नाही, त्यासाठी जो मालक काही बाजूला काढत नाही, तो नफा खातो असं त्याला वाटतं, पण खातो ते यंत्रच. त्या प्रश्नाला मला जवळजवळ पूर्ण गुण होते. पाळही झिजते, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. आलं ते श्रावणात, वसतिगृहाच्या खोलीत, भंडारा जिल्ह्यात फार पाऊस असल्याचं वर्तमानपत्रात वाचल्यावर.

मी लगेच घरी कार्ड लिहिलं. मी लोकांना अर्धंच सांगितलं होतं. वैशाखातली माती हा खर्च नव्हता, तो गावानं दरसाल बाजूला काढलेला घसारा होता. आणि एका घरापुरतं जे बरोबर, ते सगळ्यांनी केलं की बरोबर राहत नाही. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी हे चावडीत वाचून दाखवावं, अशी विनंती केली.

दोन-अडीच आठवडे उत्तर नव्हतं. मी तासांना बसत होतो. वही भरत होतो. खाणावळीत जेवत होतो. काय जेवलो ते आठवत नाही. भीती वाटली होती का, तेही सांगता येत नाही. टपालवाला आला की जिन्यापर्यंत जायचो आणि परत यायचो.

मग मास्तरांच्या अक्षरातलं कार्ड आलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाळ मधोमध फुटली. माणसं, जनावरं सुखरूप आहेत. पाणी सगळं गेलं, धान अजून निसवायचं आहे, लोंब्या भरायला आता पाणी नाही. तुडुमाजवळ तुझ्या वडिलांनी माती टाकली तेवढा तुकडा उभा आहे. तुझं कार्ड त्यानंतर पोहोचलं. पोराला कोणी बोल लावू नये म्हणून त्यांनी ते चावडीत वाचू दिलं नाही. पाणकरकी त्यांनी सोडली.