काकांचं राहिलेलं शुभवर्तमान

समोरचे काका मला ख्रिस्ती करायला येतात अशा समजुतीने मी काही महिने, त्यांची चाहूल लागली की घरामागच्या लाँड्रीत, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीत, जाऊन लपत होतो. समजूत अगदीच निराधार नव्हती. पहिल्याच भेटीत, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटच्या बोचऱ्या वाऱ्यात कानटोपी सावरत काकांनी सांगून टाकलं होतं, "प्रभूने मला या गल्लीत शुभवर्तमान सांगायला पाठवलंय. लेक म्हणते, तिने व्हिसा काढला म्हणून आलो. तिचंही खरं आहे." तरीही आज छातीवर हात ठेवून सांगतो, प्रचार सोडून बाकी सगळं जमणारा असा धर्मप्रचारक जगाच्या पाठीवर दुसरा झाला नसेल.

काका नगरकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर लेकीकडे आले. समोर यंत्र दिसलं की ते उघडून बघितल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. एकदा मी लाँड्रीत लपलो असताना ते मागच्या खिडकीतून डोकावले आणि म्हणाले, "मशीन बिघडलंय का?" आता मशीनशेजारी उकिडवं बसलेल्या माणसाने काय सांगावं? म्हटलं, हो. काकांनी ते धडधाकट मशीन अख्खं खोललं, परत जोडलं, आणि एक स्क्रू उरला. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "हा कंपनीने जास्तीचा दिलाय." मशीन अजून चालतं. फक्त कपडे पिळताना ते लाँड्रीभर फिरतं.

रोज सकाळी गल्लीतल्या एकेका घरापुढे उभं राहून ते त्या घरासाठी प्रार्थना करत. मान खाली, डोळे मिटलेले, एक हात लेटरबॉक्सवर. पार्सलं चोरीला जाण्याच्या दिवसांत हे दृश्य लोकांना कसं दिसेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. कोणीतरी फोन केला आणि एक तरुण माओरी पोलीस आला. मी मध्यस्थीला धावलो आणि घाईघाईत सांगितलं की हे गृहस्थ रोज सगळ्यांच्या लेटरबॉक्सना हात लावतात, पण अगदी भक्तिभावाने. पोलिसाने मलाच जरा निरखून पाहिलं. काका शांतपणे त्याच्याच भाषेत नमस्कार करून म्हणाले, "किया ओरा. आय प्रे. यू हॅव मदर?" पोलिसाची आई नेमकी हॉस्पिटलात होती. मग बराच वेळ दोघे फुटपाथवर मान खाली घालून उभे. जाताना तो "स्वीट ॲज, अंकल" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'. मला मात्र पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

संध्याकाळी गॅरेजचं दार उघडं टाकून, टाळ घेऊन काका भजनं म्हणत. माझी आई पुण्याहून आली होती, तिने आमच्या अंगणातून सुरात सूर मिळवला. दुसऱ्या कडव्यात येशूचं नाव आलं तशी ती क्षणभर थांबली, "चाल आपलीच आहे," म्हणाली, आणि पुढे गायली.

मी मात्र उत्तरं तयार ठेवून होतो. वेलिंग्टनच्या ट्रेनमध्ये रोज घोकायचो. काका चहाला टेकले की हल्ला होण्याआधी मीच सुरू करायचो. धर्म, विज्ञान, तिथून ऑफिसातलं राजकारण, तिथून माझी पाठदुखी. ते "हं, हं" करत चहा संपवत, आणि जाता जाता आमचा कचऱ्याचा डबा रस्त्यावरून आत ओढून ठेवत.

मग लेकीला दूर, दिवसभराच्या प्रवासावरच्या पापाकुराला नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी काका आमच्या पायरीवर येऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आईला शब्द दिला होता," ते म्हणाले. "जिथं राहीन तिथं शुभवर्तमान सांगेन. या गल्लीत इतकी वर्षं काढली. एका माणसाला नीट बसून सांगितलं नाही. उद्या निघालो पण."

मला राहवलं नाही. म्हटलं, काका, असं कसं, तुम्ही लोकांचे डबे ओढलेत, त्या पोलिसाच्या आईसाठी उभे राहिलात, हेच तर शुभवर्तमान. बराच वेळ बोललो. माझा मलाच गहिवर आला.

"नाही रे," काका म्हणाले. "डबे म्हणजे डबे. ते कोणीही ओढेल. शुभवर्तमान तोंडाने सांगावं लागतं. बायको गेली तेव्हा मी खाणंपिणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तिथून मला कोणी उठवलं, एवढंच सांगायचं होतं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मग मला का नाही सांगितलंत? सारखे तर येत होतात."

"सांगायलाच येत होतो. तुझं संपायचं नाही. मग म्हणायचो, उद्या."

समोरच्या डोंगरावरचं ऊन उतरत चाललं होतं. त्यांच्या दारात बांधलेली खोकी दिसत होती. यापुढे त्या गॅरेजचं दार संध्याकाळी बंदच असणार, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

"काका, आता सांगा," मी म्हणालो. "आज मी एक शब्द बोलणार नाही. तसा मी मुळात ऐकणाराच माणूस आहे, म्हणजे अगदी ऑफिसातसुद्धा सगळे मला..."

माझी बायको चहा घेऊन बाहेर आली. कप काकांच्या हातात देऊन ती आमच्या दोघांच्या मधे बसली, माझ्याकडे पाठ करून.

"काका, तुम्ही मला सांगा," ती म्हणाली. "ह्याचं चालू दे."