सातबारा नसलेल्याची होळी

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. निवृत्तीनंतर माणसाने शांत व्हावे म्हणतात. बाकीच्या बाबतीत मी झालोही असेन, या एका प्रकरणात नाही.

तेव्हा मी जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचे नाव सांगत नाही आणि माणसांचीही नाही, कारण त्यातले बरेचसे हयात आहेत आणि सन्मानाने राहतात. सन्मानाने राहतात याचाच मला राग आहे.

होळी तोंडावर आली होती. एका जुन्या खटल्यात साक्ष द्यायला मी धुळ्याला गेलो होतो. परत आलो तर ठाण्यात पेढे वाटणे चाललेले. माझा दुय्यम अधिकारी खुशीत म्हणाला, "सर, बाग कापल्याचा गुन्हा उघड! आरोपी आत."

त्या भागात वैर काढायचे तर कोणी माणसाच्या अंगाला हात लावत नाही, त्याची निसवलेली केळी कापतात. घड लागलेले खोड कमरेतून तोडले की वर्षाची मेहनत आडवी होते. गाव ज्यांना आबा म्हणायचे, अशा एका मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीजवळच्या बागेत तेच झाले होते. मोटारीची केबलही गेली होती. फिर्याद आबांची, पण संशयित दाखवून दिला त्यांच्या धाकट्या भावाने. त्याला गाव नाना म्हणायचे.

संशयित म्हणजे बागेचा रखवालदार. पावरा समाजाचा, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. होळीआधी त्यांचा भोंगऱ्या बाजार भरतो. त्याला जायला त्याने रजा मागितली, आबांनी नाही म्हटले, तरी तो गेला. नेमकी त्याच रात्री बाग कापली गेली. गावाने दोनात दोन मिळवले आणि पाच केले. तो परत येताच त्याला झोडपून ठाण्यात आणून टाकले, आणि आमच्या लोकांनी कोणी पोचवलेले पार्सल घ्यावे तसे त्याला ठेवून घेतले. वर वर्तमानपत्रांना फोटोही दिला.

मी त्याला समोर बोलावले. ओठ फुटलेला, शर्टाची बाही फाटलेली. खुर्ची दिली तर बसेना.

"बाग तू कापलीस?"

"नाही सायेब. मी भोंगऱ्याले गेलतो."

"कोणी पाहिलं तुला?"

"बठ्ठ्यांनी पाह्यलं, साऱ्या पाड्यानी." मग त्याने मलाच विचारले, "सायेब, होळीले सोडसान ना?"

मला वाटले, सणाची हौस. पण त्याने सांगितले ते वेगळेच होते. मुलगी आजारातून वाचली म्हणून त्याने होळीचा नवस बोलला होता. अंगावर राखेचे ठिपके काढायचे, कमरेला घुंगरू बांधायचे आणि होळीपुढे नाचायचे, तेही सलग पाच वर्षे. हे शेवटचे वर्ष होते. मध्ये एक होळी चुकली की आधीच्या सगळ्या वाया, नवस पुन्हा पहिल्यापासून. त्याला भीती तुरुंगाची नव्हती, पोरीच्या जिवाची होती.

दुय्यम मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, जरा आत घेऊ का? पोपटासारखा बोलेल."

"पोपट शिकवलेलंच बोलतो," मी म्हणालो आणि जीप काढायला सांगितली.

बागेत खोडे एकमेकांवर पडली होती. कोवळे घड उन्हाने काळे पडू लागले होते. आबा बांधावर डोक्याला हात लावून बसले होते. त्यांचे दुःख खोटे नव्हते. मी ओळीओळीतून फिरलो आणि एका गोष्टीपाशी अडकलो. पडलेल्या खोडांखाली ठिबकच्या नळ्या नव्हत्या. त्या बांधाकडेला होत्या, वेटोळी करून, केळीच्या वाळक्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीने, बांधून ठेवलेल्या. टोकेही दुमडलेली, म्हणजे आत माती जायला नको.

मी आबांना विचारले, "नळ्या तुम्ही गोळा केल्या?"

"नाही हो. मी कशालेच हात नाही लावला. पंचनाम्याआधी लावू नये म्हनतात ना."

माझ्याबरोबरचा हवालदार पिंपळनेरकडचा होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, हाऊ चोर भलता नीटनेटका शे."

चाळीसगावकडे माझीही थोडी शेती आहे. ठिबक गुंडाळताना कंबर कशी मोडते ते मला ठाऊक आहे. ज्याला सूड घ्यायचा तो पहिला कोयता नळ्यांवर घालतो. आधी नळ्या जपून बाजूला काढायच्या आणि मग केळी तोडायची, हे काम सूड घेणाऱ्या गड्याचे नव्हे. पीक दुसऱ्याचे आणि वावर आपले, असे ज्याच्या मनात पक्के बसले आहे त्याचे आहे.

गावात चौकशी केली. दोघा भावांची वाटणी व्हायची होती. विहिरीजवळचे हे वावर धाकट्याच्या वाट्याला येणार, असे बोलणे झाले होते. पण आबांनी तिथे केळी लावली आणि केळी निघेपर्यंत वाटणी पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी रखवालदाराला कोर्टात हजर केले. मी पोलीस कोठडी मागितली नाही. जामीन लगेच मंजूर झाला, अट एकच: जामीनदार हवा. जामीनदाराचा सातबारा हवा, नाहीतर पगारपत्रक. त्याच्या पाड्यावर पगारदार कोणी नाही. बापजाद्यांपासून कसतात ती जमीन जंगलखात्याची, सातबारा कुठून आणणार? त्याची बायको सगळा दिवस कोर्टाच्या आवारात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत उभी होती. स्वतःच्या सहीवर सोडण्याची तरतूद कायद्यात आहे, पण वापरायची सवय कोणाला नाही. जामीन मंजूर झालेला माणूस कारागृहात गेला. हे वाक्य पुन्हा वाचा. मला ते लिहितानाही लाज वाटते.

मी त्याच संध्याकाळी नानांच्या दुसऱ्या शेतावर गेलो. तिथेही नळ्यांची वेटोळी होती, तशाच सोपटाने बांधलेली, तशीच टोके दुमडलेली. नानांनी चहा मागवला. मी म्हणालो, "चहा नंतर. नाना, बाग कापणाऱ्याने नळ्यांची एवढी काळजी का घेतली असेल?"

 ते चिडूनच म्हणाले, "वावर तं माह्यंच होनार होतं साहेब. नळ्या काबरं खराब करायच्या?"

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून पंच बोलावले. नानांनीच पंचांसमक्ष कडब्याच्या गंजीतून केबल काढून दिली. केबल कशाला नेली? तर चोरीचे नाव पावऱ्यावर जावे म्हणून. त्याने रजा मागितलेली त्यांना ठाऊक होती, तो गेलेलाही ठाऊक होता.

आता पुढचे ऐका. नानांना सकाळी कोर्टात नेले. आमची जीप पोहोचायच्या आधीच दारात जामीनदार सातबारे घेऊन हजर. त्यातल्या दोघांनी रखवालदाराचा ओठ फोडला होता. नाना दुपारी जेवायला घरी होते.

रखवालदाराविरुद्ध पुरावा नाही, त्याला सोडावे, असा अहवाल मी त्याच दिवशी कोर्टात स्वतः नेऊन दिला. हात जोडून सांगितले, माणूस निर्दोष आहे, होळीआधी सोडा. कारकून सभ्य होता. म्हणाला, "साहेब, न्यायाधीशसाहेब रजेवर गेले. आता सुट्ट्या. होळीनंतर घेऊ." सातपुड्यावर होळ्या पेटल्या तेव्हा तो कारागृहात होता. ज्याने गुन्हा केला तो गावच्या होळीला नारळ वाहत होता.

पुढे खटला उभा राहिला नाही. नातेवाईक मध्ये पडले, आबांनी भावाला माफ केले, वाटणी झाली आणि कोर्टात तडजोड दाखल झाली. आबा मला म्हणाले, "साहेब, घरचं होतं, घरात मिटलं." मी त्यांना विचारले, "आणि जो घरचा नव्हता त्याचं?" 

नोकरीत मी एवढेच शिकलो की कायद्यापुढे सगळे समान असतील, पण कायद्याच्या दारापर्यंत पोहोचायलाच काहींना सातबारा लागतो. निर्दोष आहे हे सिद्ध करणे सोपे, त्या निर्दोष माणसाला घरी पाठवणे अवघड. आणि ज्या वर्तमानपत्रांनी त्याचा फोटो छापला त्यांना मी सुटकेची बातमी पाठवली, ती कुठेच आली नाही. त्या गावात त्याला पुन्हा कोणी बाग राखायला ठेवले नाही.

माझी बदली व्हायच्या आधी तो मला बाजारात भेटला. कडेवर मुलगी होती, धडधाकट. भावाभावांची तडजोड झाल्याचे त्याच्या कानावर गेले होते. तो रागावलेला नव्हता, खरोखरच विचारत होता.

"सायेब, त्या दोघांचं मिटलं म्हनता. मंग माह्याशी मिटवाले कोनी काबरं नाही आलं?"

मी मुलीच्या हातात खाऊ ठेवला. त्याने पाच वर्षांचा नवस पुन्हा पहिल्यापासून धरला होता.